वेरूळच्या आश्रमात भेटलेल्या काकांना

काका नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि नंबरही घेतला नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, कन्नडकडचं कोणी वाचत असेल तर रिटायर्ड मास्तर, पांढरा रुमाल, खांद्याला कापडी पिशवी, दर एकादशीला वेरूळला असतात, एवढं सांगा, तुमच्यापर्यंत पोचेलच.

श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराला कसली गर्दी असते हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. बारावं ज्योतिर्लिंग, त्यात अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं ते लाल दगडाचं देऊळ, लोक कुठून कुठून येतात. दर्शन झालं पण आईचे गुडघे पार गेले होते, ती पायरीवरच बसली. तुम्ही आलात, पाणी दिलंत, म्हणालात, "माय, घाई नका करू, गाडी दुसरी भेटंल." आणि आम्हाला जनार्दन स्वामींच्या आश्रमात घेऊन गेलात. तिथं मी विचारलं, हेच का ते संत एकनाथांचे, आपल्या नाथांचे गुरू? तर तुम्ही किती नीट सांगितलंत, की नाथांचे गुरू जनार्दन स्वामी ते देवगिरीचे किल्लेदार, सोळाव्या शतकातले, आणि हे मौनगिरी जनार्दन स्वामी आपल्या काळातले, समाधी कोपरगावला. दोघांची गल्लत बरेच जण करतात म्हणे.

पण आभार मानायचेत ते पुढच्यासाठी. आई वर्षानुवर्षं देवाला जाते पण रांग, नारळ, प्रसाद, आणि एसटी चुकायला नको म्हणून पळापळ, असंच चालायचं. बाबा गेल्यापासून तर तिला झोपच नव्हती, जप करायला बसली की रडू यायचं आणि ती उठून जायची. तुम्ही तिला खाली बसायचा आग्रह केला नाहीत. भिंतीला टेकून खुर्चीत बसा म्हणालात, पायाखाली घोंगडी टाकलीत, माळ मधल्या बोटावर धरायची, अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की ओलांडायचा नाही, तिथूनच माळ उलटी फिरवायची. हे तिला ठाऊकच होतं थोडंफार, पण तुम्ही वर म्हणालात की रडू आलं तर येऊ द्या, माळ सोडू नका, १०८ नाही झाले तरी चालतंय. हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तर नुसतं "आई रडू नको" म्हणत बसायचे.

नंतर तुमच्याच सांगण्यावरून गर्दी नसताना मुक्कामाला आलो, पहाटेची आरती, मग जप, मग आईला स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवलंत, कारण तुमचं म्हणणं, आश्रमात पाहुण्यासारखं राहिलं की मन लागत नाही, हाताला काम पाहिजे. पंगतीत ती दुसऱ्या बायांशी बोलायला लागली, मला वाटतं ध्यानाइतकाच त्या मेथीचाही गुण आला तिला.

आणि दौलताबाद, म्हणजे तोच देवगिरी! किल्ल्यावर मी वर नाथांच्या गुरूंच्या, जनार्दन स्वामींच्या स्थानापर्यंत गेले, अंधारीतून, म्हणजे त्या काळोख्या भुयारातून, त्या एवढ्या पायऱ्या चढून, आणि तुम्ही खाली आईसोबत थांबलात. खाली आले तर तुमची गोष्ट रंगात आलेली, नाथ रात्रभर हिशोब तपासत बसले, एका पैची चूक सापडली तर टाळ्या वाजवल्या, गुरूंनी विचारलं, पैसाठी एवढा आनंद, तर परमार्थात असं मन लागलं तर केवढा होईल? आईला ही गोष्ट माहिती होती तरी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती. मग म्हणालात, आता शूलीभंजन बघा, गुरूंनी नाथांना तिथंच अनुष्ठानाला पाठवलं होतं. खुलताबादजवळच्या त्या डोंगरावर दत्ताच्या देवळाबाहेर आई किती वेळ बसली, वारा एवढा की पदर धरून, पण मी चला म्हटलं नाही, तुमच्याकडूनच शिकले ते.

आता जालन्यात घरीच रोज सकाळी खुर्चीत बसून जप करते ती. झोप बऱ्यापैकी लागते. रडू येतंच अधूनमधून, पण माळ हातातच असते.

काका, तुम्ही आमचे कोण? नात्यातले नाहीत, गावचे नाहीत. भाड्याचे पैसे द्यायला लागले तर हात मागे घेतलात. नाथषष्ठीला फाल्गुनात आम्ही पैठणला येतोय, समाधी मंदिराकडं असू, आईनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करायचं आत्ताच ठरवलंय. याल ना? आणि काकूंनाही आणा, त्यांना भेटायचंय आईला.

तुमची,
जालन्याच्या मायची लेक