जुन्या टीव्हीला डीव्हीडी प्लेअर जोडून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात टीव्ही, प्लेअर आणि व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेटचे यंत्र) रिक्षात घालून मी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या आपल्या दुकानात आलो, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी “हा टीव्ही भंगारात घाला” असे ऐकून आलो होतो. वडिलांनी १९९४ साली घेतलेल्या त्या टीव्हीला मागे अँटेनाचे एकच सॉकेट आहे, आणि जिथे जुने मराठी चित्रपट तयार होत त्या जयप्रभा स्टुडिओच्या परिसरात लहानपण गेलेल्या माझ्या आईला जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी त्याच टीव्हीवर पाहायच्या होत्या.

प्लेअर मी व्हीसीआरमधून जोडला होता, कारण अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवू शकणारे घरात तेवढे एकच यंत्र होते. पण चित्र सारखे काळवंडायचे आणि पुन्हा उजळायचे, त्यामुळे पिक्चर ट्यूबच गेली असे मी धरून चाललो होतो. आपण टीव्ही उघडलासुद्धा नाही. नक्कल होऊ नये म्हणून डीव्हीडीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम काही स्पंद मिसळलेले असतात आणि सिग्नलची पातळी आपोआप सांभाळणारे व्हीसीआरमधले सर्किट त्यांना फसते, हे आपण हातातले काम बाजूला ठेवून मला समजावलेत. मग व्हीसीआर काढून तिथे प्लेअरचे चित्र अँटेनाच्या वायरीतून पाठवणारा साडेतीनशे रुपयांचा आर.एफ. मॉड्युलेटर लावलात, टीव्हीचा एक चॅनेल त्याच्यासाठी जुळवून दिलात आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ (आपल्याकडची टीव्ही-पद्धत) व ‘४:३’ (जुन्या पडद्याचे रुंदी-उंचीचे प्रमाण) निवडलेत. नवा टीव्ही विकणे आपल्याला सहज शक्य होते, हे मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर प्लेअरच्या वायरी मी पुन्हा जोडल्या. आईचे चित्रपट मुळात कृष्णधवल असल्यामुळे आठवडाभर काहीच जाणवले नाही. रंगीत चित्रपट लावला तेव्हा तोही कृष्णधवल दिसला. रात्री साडेआठला केलेल्या फोनवर आपण एकच प्रश्न विचारलात, “पिवळी पिन हिरव्या सॉकेटात गेली आहे का?” तसेच झाले होते; चित्राची ती पिन पिवळ्या सॉकेटात हवी होती. हिरव्या सॉकेटातून चित्राचा केवळ उजेड बाहेर पडतो, रंग निळ्या आणि लाल सॉकेटांतून वेगळे येतात, हेही आपण तेव्हाच सांगितलेत.

त्या फोनबद्दल आईने आपले आभार मानायला सांगितले आहे. रविवारी दुपारी ती शेजारच्या दोघी मावश्यांना बोलावते आणि तिघी मिळून चित्रपट पाहतात.

आपला कृतज्ञ,
मंगळवार पेठेतील एक ग्राहक