चि. अनुजास, लेथच्या पहिल्या दिवसाआधी

कोल्हापूर, दि. 14 सप्टेंबर

चि. अनुजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलेस की सोमवारपासून तुमच्या तुकडीला लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर, उभे करणार आहेत आणि त्या तुकडीत मुली तिघीच आहेत. मी 'बरं' एवढेच म्हणालो आणि फोन आईकडे दिला. निघायच्या आदल्या रात्री आपले जे बोलणे झाले, त्यानंतर मला फोनवर तुझ्याशी नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा काढणार नाही. लेथसमोर जाताना केस घट्ट बांधून टोपीच्या आत घे. वेणी मोकळी सोडून यंत्रावर वाकायचे नाही.

इंजिनिअरिंगला मेकॅनिकल ही मुलींची लाईन नव्हे, कॉम्प्युटर घे, असे मी त्या रात्री म्हणालो आणि तू ताटावरून उठलीस. सकाळी बसस्थानकावर पाया पडलीस, पण माझ्याकडे पाहिले नाहीस. उद्यमनगरात एकतीस वर्षे यंत्रावर काढल्यामुळे मला जे कळते ते तुला कळत नाही, अशी माझी समजूत होती. रात्रपाळी, लोखंडाचा कीस, तेलाने निसरडी झालेली फरशी, आणि मी ज्या ज्या ठिकाणी काम केले त्यांपैकी एकाही ठिकाणी बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते, ही सगळी कारणे माझ्या मनात होती आणि ती खरीच आहेत. परंतु ती उणीव त्या कारखान्यांची होती आणि तिची भरपाई मी तुझ्याकडून मागत होतो, हे मला तू गेल्यावर उमगले.

आठवीत असताना 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तू शाळेत कमला सोहोनींवर भाषण केले होतेस. ज्या रामन यांच्या शोधासाठी तो दिवस पाळतात, त्याच रामन यांनी मुलगी म्हणून कमलाबाईंना बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, 1933 साली वर्षभर काम पाहू अशा अटीवर त्यांना घेतले गेले आणि 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, हे तू कागदात न बघता सांगितलेस. मी शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होतो. पाच वर्षांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात मी नेमके तेच बोललो.

आणि हे मी पहिल्यांदा बोललो असेही नाही. तुझ्या आत्याचे तुला अर्धेच माहीत आहे. मी आयटीआयला होतो तेव्हा टेपर टर्निंगची, म्हणजे जॉब (लेथवरचा लोखंडी तुकडा) निमुळता कापण्याची, गणिते मला सुटत नसत. जॉब एका टोकाला 50 मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला 40, टेपरची लांबी 100, तर कंपाउंड स्लाइड, म्हणजे कापायचे हत्यार सरकवणारा भाग, किती अंशांत फिरवायची? ती दहावीत होती. चुलीपुढे भाकरी थापत थापत ती म्हणायची, व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे 0.05, आता लॉगच्या पुस्तकात टॅन्जंटचे पान काढ. उत्तर 2 अंश 52 मिनिटे. पिठाच्या बोटाचा ठसा त्या पानावर अजून आहे. तिला पॉलिटेक्निकला जायचे होते. आजोबांनी मला विचारले, तू तिथले वातावरण बघतोस, पाठवावी का? मी म्हणालो, एकटी मुलगी कशाला. पुढच्या वैशाखात तिचे लग्न होऊन ती गडहिंग्लजकडे गेली. आज गावच्या दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफचे (दुधातल्या फॅटशिवायच्या घन भागाचे) हिशेब तिच्याशिवाय कोणाला जुळवता येत नाहीत. तिने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागते.

तुला तर यंत्राजवळ मीच नेले. तू पाचवीत असताना रविवारी माझ्याबरोबर यायचीस. तिथे एकदा मायक्रोमीटरमध्ये स्वतःचा केस धरून रॅचेट फिरवलास आणि माप आले 0.09 मिलिमीटर. मग केस काढून जबडे मिटवलेस आणि विचारलेस, बाबा, आत काहीच नाही, तरी हे 0.02 का दाखवते? दोन-दोन वर्षे काम केलेल्या पोरांना शून्याची चूक दिसत नाही. तू ती वजा करून 0.07 असे पाटीवर लिहिलेस. त्या दिवशी मी घरी येऊन आईला तीनदा सांगितले होते. तेव्हा वाटलेला आनंद खरा होता की बारावीनंतरची भीती खरी होती, असे कोणी विचारले तर दोन्ही, एवढेच मला सांगता येईल.

तेव्हा नीट ऐक. चकची, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाची, किल्ली चकमध्ये विसरायची नाही. फिरता चक हाताने थांबवायचा नाही. अंगठी, बांगडी, हातमोजे, ओढणी यांतले काही नको, बाह्या दुमडून घट्ट कर. कीस ब्रशने काढायचा, बोटाने नाही. आमच्याकडे एका मुलाची सैल बाही अशीच गुंडाळली गेली होती; बाजूच्याने मेन स्विच पाडला म्हणून हात वाचला. बाहीचे असे, तर केसांचे काय होईल ते लिहिण्याचा मला धीर नाही. पुन्हा केसांवरच आलो. रागावू नकोस. तुम्हाला हे सगळे शिकवतीलच, आणि मुलांनाही तेवढेच लागू आहे, हे मला कळते. शिकवणाऱ्यांनी तुम्हा तिघींना बाजूला उभे करून नुसते बघायला सांगितले, तर मात्र बघत बसू नकोस. माझा नंबर कधी, असे विचार.

जमले तर अंबाबाईच्या देवळातल्या नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला ये, मावळतीची किरणे देवीवर पडतात तेव्हा. 10 नोव्हेंबर आणि 1 फेब्रुवारी हे दोन्ही दिवस 21 डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून सूर्य दोन्ही वेळा त्याच जागी मावळतो, हे तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजून दाखवल्यापासून महाद्वारातून येणारी ती किरणे मी निराळ्याच कौतुकाने बघतो.

सोबत पार्सल पाठवतो आहे. त्यात माझा मायक्रोमीटर आहे. 0.02 ची चूक अजून तशीच आहे, वजा करत जा. खाली सुती टोपी आहे. मी तुझा निरोप सांगितला तेव्हा आत्याने एका रात्रीत शिवून दिली, आणि माप तिने विचारले नाही. सोमवारी घाल.

तुझा
बाबा