लाल टोपण की नारिंगी?

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं सिस्टर लिहितो. दवाखान्यात शुगरच्या मुलांना घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईबापाला कळेल, हे कोणाबद्दल चाललंय.

मे महिन्यातला तो सोमवार. दिवसभर पारा 42 च्या वर, रात्री आठलासुद्धा भिंतींना हात लावला तर चटका बसावा असं ऊन मुरलेलं. लेक खेळून घरी आली, जेवायला बसली आणि बघते तर तिच्या इन्सुलिन पंपाची स्क्रीन काळी. केव्हापासून बंद होता, कोण जाणे. सेल बदलला, काही नाही. बदली पंप गुरुवारी मिळेल, असं फोनवर कळलं. बोटातून शुगर बघितली तर 348. लघवीची पट्टी जांभळट व्हायला लागलेली, म्हणजे इन्सुलिन नसलं की अंगात साठणारं आम्ल, किटोन, वाढत होतं.

पंप बसवला त्याच दिवशी तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, ते थेंबथेंब चालू आहे तोवर ठीक. थांबलं की काही तासांत अंगात काहीच उरत नाही, मग शुगरबरोबर किटोन चढतात. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं आणि मी ते विसरलो होतो. चोवीस तासांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये एक तरी ठेवा, असंही तुम्ही म्हणाला होतात. ते ठेवलं नव्हतं, ही चूक माझी.

वही मात्र होती. दर महिन्याला पंपातले सगळे आकडे वहीत उतरवून दाखवायला तुम्ही लावायचा, आणि खरं सांगतो, मला तो तुमचा हट्ट वाटायचा. त्या रात्री सगळे आकडे पंपाच्या पोटात आणि पंप बंद. वहीत लेकीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: दिवसभराचं बेसल, म्हणजे थेंबथेंब जाणारं इन्सुलिन, 14.4 युनिट, 15 ग्रॅम कार्बला (पिठूळ-गोड खाण्याला) 1 युनिट, 1 युनिटने शुगर 60 ने उतरते. डॉक्टरांना फोनवर एवढं वाचून दाखवलं. त्यांनी चोवीस तासांच्या इन्सुलिनचा डोस 16 सांगितला, आत्ताचं जेवण आणि चढलेली शुगर मिळून झटपटचे 6 युनिट सांगितले आणि व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली. मी गाडी काढली. तिसऱ्या मेडिकलमध्ये चोवीस तासांच्या इन्सुलिनचं पेन मिळालं, सोबत सिरिंजही घेतल्या.

घरी येऊन पंपासाठीच्या बाटलीतून 6 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. लेकीने दंड पुढे केला. तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही डोस विचारला नाहीत, शुगरही विचारली नाहीत. पहिलाच प्रश्न: "दादा, सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे?"

लाल.

"ठेवा खाली ती. आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा."

बाटलीवर 100, म्हणजे एका मिलीत 100 युनिट. सिरिंजवर 40. आपल्याकडे 40 च्या बाटल्या सर्रास चालतात, म्हणून दुकानातून लाल टोपणाची सिरिंजच हातात येते. तिच्यावरची 6 ची रेघ म्हणजे 0.15 मिली, आणि पंपाच्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे 15 युनिट. अडीच पट. बारा वर्षांच्या पोरीला, रात्री, झोपायच्या आधी. सिस्टर, ती सिरिंज मी टेबलावर ठेवली तेव्हा तिच्या टोकावर एक थेंब लोंबत होता. तो थेंब अजून डोळ्यांपुढे येतो.

नारिंगी टोपणाच्या सिरिंज घेऊन तुमचे मिस्टर विजापूर रोडवरून स्कूटरवर जुळे सोलापुरात आले, तेव्हा सव्वानऊ वाजले होते. पाणीसुद्धा न पिता परत गेले. चोवीस तासांचं इन्सुलिन अंगात लागू व्हायला दोन-चार तास जातात म्हणून बारा वाजता आणि पुन्हा तीन वाजता तुम्ही शुगर आणि किटोन विचारायला फोन केलात. तीन वाजता 171. पट्टीचा रंग उतरलेला. लेकीची आई तेव्हा पहिल्यांदा रडली, देवापुढे बसून.

पुढचे दोन दिवस इंजेक्शनचे. पहाटे पंप बेसल आपोआप वाढवतो, इंजेक्शनला ते जमत नाही, म्हणून सकाळची शुगर 220 च्या घरात. दोन दिवस चालेल, डोस वाढवायच्या मागे लागू नका, असं सांगून तुम्ही आम्हाला शांत केलंत. लेक मात्र दुसरी भाकरी मागेना. मागितली की आणखी एक सुई. तुम्हाला कसं कळलं माहीत नाही, पण तुम्ही फोन तिलाच द्यायला लावलात. काय बोललात ते तिने सांगितलं नाही. ताटात शेंगा चटणीवर दही घेऊन ती दुसरी भाकरी खाऊन उठली.

गुरुवारी दुपारी एकला पंप आला. मी लगेच लावायला निघालो होतो. "कालचं साडेनऊचं इन्सुलिन आज रात्री साडेनऊपर्यंत अंगात आहे. त्यावर पंपाचं बेसल चढवलं तर दुप्पट होईल," असं म्हणून तुम्ही थांबवलंत. रात्रीचा पेनचा डोस दिला नाही आणि साडेनऊला पंप चालू केला. नवा पंप कोरा असतो. वहीवरून एकेक आकडा भरत गेलो आणि तुम्ही प्रत्येक स्क्रीनचा फोटो मागवत गेलात. घड्याळ सकाळचे साडेनऊ दाखवतंय, हे तुम्हीच पकडलंत. नाहीतर पहाटेचं जास्तीचं बेसल तिला ऐन दुपारी गेलं असतं.

चोवीस तासांचं पेन आता फ्रिजच्या दारात आहे. शेजारी नारिंगी टोपणाच्या सिरिंजचं पाकीट, त्यावर लेकीने जाड पेनने 100 लिहिलंय. लाल टोपणाच्या होत्या त्या दुकानात परत केल्या.

शनिवारी तपासणीला येतोय. वहीत नवं पान लिहून झालंय. शेंगा चटणी हिने घरी कुटली आहे, तुमच्यासाठी आणि मिस्टरांसाठी वेगवेगळी बांधली आहे. नको म्हणू नका.

तुमचा,
एका लेकीचा बाप, जुळे सोलापूर