‘संथ’ म्हणून नावे ठेवू नका

संपादक महोदय,

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसावरच्या एका छोट्या, स्वतंत्र चित्रपटाचे परीक्षण आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. अभिनयाला शाबासकी, पण ‘मध्यंतरानंतर काही घडतच नाही’ असा शेरा. भाच्याच्या मोबाइलवर मी तो दोनदा पाहिला. मी हर्णै बंदरातला नौकामालक, सिनेमातले मला फारसे कळत नाही. पण असा सुटून आलेला एक जण चार वर्षे माझ्या बोटीवर खलाशी आहे, म्हणून लिहितो.

परीक्षकांना कंटाळा आला तो भाग म्हणजे नायक कामासाठी दारोदार फिरतो आणि जो तो त्याला गोड बोलून परत पाठवतो. अगदी असेच असते. तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. आमच्याकडे ‘नारळी पुनवेनंतर बघू’ म्हणतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सबबही आयतीच. खलाशी मिळत नाहीत म्हणून आम्ही थेट नेपाळची माणसे ठेवतो, आगाऊ उचल देतो, त्यांचे मागचेपुढचे कोणी विचारत नाही. गावातला, आजा-पणजा ठाऊक असलेला माणूस तेवढा चालत नाही!

मीही त्यातलाच. माझा हा खलाशी कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात असताना त्याला संचित रजेवर, म्हणजे शिक्षेच्या काळात कैद्याला मिळणाऱ्या सुट्टीवर, घरी यायचे होते. त्यासाठी जामीनदार लागतो. त्याची आई दोनदा माझ्या ओटीवर येऊन बसली. ‘बायकोला विचारून सांगतो,’ म्हणालो. बायकोला विचारलेच नाही. ती रजा हुकली.

शिक्षा संपवून आला तेव्हा मनाला खात होते, म्हणून कामावर घेतला. जाळी तुणण्यात त्याचा हात धरणारा नाही. पण सुरुवातीला संध्याकाळचा लिलाव उभा राहिला की हा गायब. मोठ्या बोटी बाहेर नांगरलेल्या, बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येतेय, बोली चढतेय आणि बर्फ फोडायला माणूस नाही. वाटले, गुत्त्यावर जात असणार. एकदा मागोमाग गेलो, तर उपड्या होडीला पाठ लावून बसलेला. म्हणाला, “नाखवा, आत ह्या टायमाला कुलूप लागायचं. उघड्यावर असलं की छाती धडधडते.” दिवस मावळायच्या आत मोजणी करून बराकी बंद करतात, हे मला तेव्हा कळले. आता तो लिलावाला थांबतो, पण गाडीच्या चाकाला पाठ टेकूनच.

हे पडद्यावर दाखवायचे तर दुसरे काय घडवणार? माणूस बसलाय, एवढेच दिसणार.

परीक्षकांनी शांतारामबापूंच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चा दाखला दिला आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीच्या प्रयोगावरून सुचलेला तो चित्रपट थोरच. पण त्यातल्या सहा कैद्यांच्या मागे जेलर उभा होता. सुटून घरी आलेल्याला तोही नसतो.

तक्रार माझीही एक आहे. शेवटी दुकानमालक नायकाच्या हातात गल्ल्याची किल्ली ठेवतो, तेही पहिल्या पावसाच्या आत. इतक्या लवकर? डिझेलचे पैसे त्याच्या हाती द्यायला मला दोन वर्षे लागली आणि त्या दिवशीही मी पावती मागितली. तेव्हापासून तो दर खेपेला पावती आणून देतो, चारी कोपरे जुळवून घडी घातलेली. नको म्हटले तरी देतो.

— एक नौकामालक, हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी)