पीयूसी करताना मीटरचा आकडा पण लिहून घ्या की

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रविवारी छोट्या जाहिरातींत जुन्या गाड्यांचा कॉलम असतो, तो मी घ्यायचं काही नसलं तरी वाचतो. सगळ्या गाड्या ‘सिंगल हँड, डॉक्टर युज्ड, शोरूम मेंटेन’. आता मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे हे मान्य, पण म्हणून दर रविवारी एवढे डॉक्टर सेडान विकायला काढतात हे काही पटत नाही. असो. पत्र लिहायचं कारण वेगळंय, गेल्या दोन महिन्यांत भाच्यासाठी जुनी गाडी शोधत हिंडलो आणि जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवेना.

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. कारचा मेकॅनिक नाही, पण इंजिन ते इंजिन. भाच्याचं बजेट तीन लाख, घरात सहा माणसं, मागं तिघं नीट बसून डिकीत बॅगा मावल्या पाहिजेत म्हणून सेडानच हवी. गाडी बघायच्या आधीच पठ्ठ्यानं सीट कव्हरचा रंग ठरवून टाकलेला, बाजारात तुरी म्हणतात तसं. इंटरनेटवर वाचून वाचून त्यानं एक पाठ करून ठेवलेलं की मामा, होंडा सिटीचं आय-व्हीटेक इंजिन मरत नाही. खरंय, २००८ ते २०१३ च्या सिटीचं १.५ लिटरचं इंजिन चांगलंच आहे, टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही, फक्त टॅपेट सेटिंग (इंजिनच्या झडपांची फट) वेळेवर करायचं, जे कोणी करत नाही. पण म्हणलं बाबा, कंपनीनं चांगली बनवली हे झालं पहिल्या दिवसाचं, नंतरची बारा-तेरा वर्षं ती कोणाच्या हातात होती ते कुठल्या साईटवर लिहिलंय?

पहिली गाडी सिटीच. २०१२ ची, एजंटकडं, दोन नव्वद सांगितले, मीटरला ५८ हजार. रंग असा चकाचक की त्यात मिशी कोरता आली असती. मी आधी बॉनेटला हात लावला तर गरम. फोनवर सांगितलं होतं की आम्ही आल्यावरच स्टार्ट करायची, तरी चालवून ठेवलेली. आता हे का बघायचं, तर थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर येतच राहिला आणि कूलंट कमी होत असलं तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलची) शंका घ्यायची, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सकाळी जरा वाफ येते त्याला घाबरायचं कारण नाही. ऑइलचं झाकण काढून आतनं बघायचं, दुधाच्या सायीसारखा थर असला तर ऑइलमध्ये पाणी जात असू शकतं. आणि रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका, आमच्या वर्कशॉपात एकाचा हात भाजलेला अजून डोळ्यासमोर आहे.

तर त्या सिटीत बसलो. मीटर म्हणतंय ५८ हजार आणि ब्रेक पॅडलचं रबर एका बाजूनं पार झिजून गुळगुळीत, स्टेअरिंगवरचे दाणे गेलेले, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा कोपरा दबलेला. चारी टायर नवीन. टायरच्या बाजूला गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, ते वाचलं की टायर कधी बनला कळतं. टायर नवीन असणं हा काही गुन्हा नाही, जुने टायर रबर कडक होऊन फाटतात, ते बदललेलेच बरे. पण मग बॉनेट उघडून बॅटरीच्या मागं बघितलं तर ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले अडकवतात तो पुठ्ठ्याचा टॅग, धुळीनं माखलेला. पुसला. ‘पुढील सर्व्हिस १,१०,०००’. म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. एजंटला दाखवला तर म्हणतो, काका, दुसऱ्या गाडीचा टॅग असंल, पोरानं चुकून अडकवला. मी मोबाईलवर फोटो काढला आणि चहा पण न घेता निघालो. भाचा रस्ताभर गप्प.

दुसरी गाडी डिझेल वेर्ना, २०१४ ची. भाच्याचं रोजचं जाणं-येणं सगळं मिळून पंधरा किलोमीटर, त्याला डिझेल कशाला, टर्बो नाहीतर इंजेक्टर गेला की सगळी बचत एका दिवसात वसूल. तरी बघायला गेलो. दार उघडल्या उघडल्या सेंटचा असा भपका आला की मला तिथंच कळायला हवं होतं. ड्रायव्हरचा सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला (हे सगळ्यांनी करावं, दहा सेकंद लागतात), तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. मग डिकीत स्टेपनी उचलली, खालच्या खोलगटात नदीचा गाळ, वाळून भेगा पडलेला. सीटखालच्या रेल गंजलेल्या. गाडी पुरात बसलेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५, त्या पाण्यात आमच्या शहरात किती गाड्या बुडाल्या ते आम्ही गच्चीवरून बघितलंय, २०२१ ला परत तेच. अशी गाडी धुवून-सुकवून चालू होते, इंजिन पण चालतं, खरा त्रास नंतर. डॅशबोर्डखालचे वायरचे कनेक्टर आतून हिरवे पडत जातात आणि मग कधी काच खाली जात नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी गाडी भर रस्त्यात बंद.

आता इथं माझा मुद्दा ऐका. विम्याच्या नियमाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे आहे त्या मोडक्या अवस्थेत, विकली जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, मग आरसी (नोंदणीचा दाखला) रद्द. पण दुरुस्त होण्यासारखी आहे म्हणलं की त्याच आरसीवर ती परत रस्त्यावर येते. मी एमपरिवहन या सरकारी ॲपवर वेर्नाचा नंबर टाकला, मालक कितवा, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, सगळं दिसलं. पाण्यात गेली होती हे कुठं दिसणार?

माझी पुतणी इंग्लंडात लेस्टरला असते, तिनं तिकडं जुनी टोयोटा घेतली. तिथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावीच लागते आणि प्रत्येक वेळी मीटरचा आकडा नोंदवतात. सरकारी साईटवर नंबर टाकला की फुकटात सगळा इतिहास समोर, कुठल्या वर्षी पास, कुठल्या वर्षी नापास, ब्रेक पॅड पातळ झालेत म्हणून सूचना दिलेली, आणि आकडा वर्षागणिक वाढत जाताना दिसतो. मधेच तो कमी झाला तर शाळेतल्या पोराला पण कळेल.

आपल्याकडं गाडी नवी असताना सोडली तर पीयूसी सगळ्यांना काढावीच लागते, सहा महिन्यांनी नाहीतर वर्षानं. ती ऑनलाईन झालीय, नंबर प्लेटचा फोटो काढतात, धुराचे आकडे टाकतात. माझ्या घरातल्या पीयूसीच्या कागदांवर मी शोधलं, किलोमीटरचा रकाना काही सापडला नाही. तिथं एक रकाना वाढवायला आणि मीटरचा एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? पीयूसीवाला खोटा आकडा टाकेल म्हणाल तर टाकू दे, दहा वर्षांत दहा-वीस नोंदी झाल्या तर सगळीकडं कोण खोटं टाकत बसणार. आणि विमा कंपन्यांनी टोटल लॉस दिलेल्या गाडीची नोंद त्याच ॲपवर एका ओळीत दाखवावी. परिवहन विभागातलं कोणी हे वाचत असेल तर कृपया वर पोचवा.

राहिली तिसरी गाडी. मिरजेत एका निवृत्त प्राध्यापकांची मारुती एसएक्स४, पेट्रोल, २०१२ ची, मीटर १ लाख २४ हजार. आकडा ऐकून भाचा जिन्यातूनच परत फिरायला लागला. त्याला ओढून वर नेलं. सरांनी कपाटातून फाइल काढली, पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेनं लावलेली, ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कधी, बॅटरी कधी, प्रत्येकावर किलोमीटर. मला वाटतं मी गाडीपेक्षा जास्त वेळ ती फाइलच बघत बसलो. गाडीला एका बाजूनं रंग मारलेला, सरांनी आपणहून सांगितलं की गेटला घासली होती. बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट न छेडलेले, समोरचे वेल्डिंगचे गोल ठिपके जसेच्या तसे, म्हणजे पुढून मोठी धडक नाही. सकाळी सात वाजता थंड इंजिन चालू करून दाखवलं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली तर टक-टक नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट बरे. तिसऱ्या गिअरला हळू चालवत एकदम ॲक्सिलेटर दाबला, आरपीएम एकटाच पळाला नाही, म्हणजे क्लच धरतोय. एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी ठेवली, तापमानाचा काटा मधेच राहिला. स्पीड ब्रेकरवर पुढून खट्ट आवाज आला, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड गेलेले.

एक नव्वदला ठरली. बुश, लिंक रॉड, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे बेल्ट मिळून वर ३१ हजार घातले, ते आधीच बाजूला ठेवायला सांगितलेलं, जुन्या गाडीत सगळं बजेट किमतीत घालवलं की माणूस पहिल्याच महिन्यात रडतो. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, जुन्या कर्जाची बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज. सरांचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) सरांकडंच राहिला, तो गाडीबरोबर येत नाही, भाचा त्यावर विम्याच्या एजंटाशी भांडत बसला होता. आरसी २०२७ पर्यंत आहे, पुढं फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा, ते त्याला आधीच सांगून ठेवलंय. जुन्या गाड्यांची नंबर प्लेट पण एचएसआरपी (हाय सिक्युरिटीवाली) हवी, ती सरांनी बसवलेली होती.

परवा त्याच सिटीची जाहिरात तुमच्याच पेपरात परत बघितली, आता ‘५४ हजार, डॉक्टर युज्ड’. चार हजार किलोमीटर अजून कमी झालेत. टॅगचा फोटो सोबत पाठवतोय, गाडीचा नंबर दिसत नाही त्यात, छापायचा असला तर छापा.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सांगली