रिपीटरच्या वर्षाबद्दल वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की दर जूनमध्ये सत्कारांचा मोसम सुरू होतो. हारतुरे, फ्लेक्स, आणि व्यासपीठावरून 'अपयशानं खचू नका, जिद्द सोडू नका' हा ठरलेला उपदेश. ज्यांना तो लागू पडावा ती मुलं त्या सभागृहात नसतात, ती फोन बंद करून घरात बसलेली असतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, आणि हे पत्र त्या गैरहजर मुलांबद्दल, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या रिपीटरांबद्दल आहे.

त्यांची जिद्द कमी पडते, असं मला तरी कधी दिसलेलं नाही. बारावीला पाठ झालेलं पेशीविभाजन, ते आनुवंशिकतेचे तक्ते, तेच पुन्हा पहिल्या पानापासून उघडून बसायला जिद्द लागतेच की. मुलं खचतात ती आपण नेमके कुठे उभे आहोत हे न कळल्यामुळे. आणि हे न कळणं बऱ्याच अंशी आपण मोठ्यांनी तयार केलेलं आहे.

उदाहरण देतो. २०२४ साली आमच्या एका विद्यार्थ्याला ६१० गुण पडले. त्या वर्षी गुणांचा पूर आला होता. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०, ग्रेस गुण, १,५६३ जणांना फेरपरीक्षेचा पर्याय, सर्वोच्च न्यायालय, मग सुधारित निकाल, हे सगळं आपण पाहिलंच. खुल्या गटातल्या या मुलाला ६१० वर सरकारी जागा मिळाली नाही. त्यानं ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च गुण होते. आमच्या या मुलाला ५४० पडले. घरात सन्नाटा. 'वर्ष घालवून सत्तर मार्क कमी केलेस' हे वडिलांचं पहिलं वाक्य. त्याची रँक मात्र आधीपेक्षा कितीतरी वर गेली होती. हे त्या घराला समजावून सांगायला मला दोनदा जावं लागलं, आणि दुसऱ्यांदाही वडिलांचा विश्वास बसला नाही.

उलटा घोळही होतो. निकालपत्रावर 'पात्र' असं छापून येतं आणि नातेवाईक अभिनंदनाला धावतात. २०२५ मध्ये २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, १२ लाखांहून अधिक पात्र ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र असूनही प्रवेश नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोज नव्यानं समजावत बसणं हा त्या मुलाला अभ्यासाव्यतिरिक्त मिळालेला आणखी एक विषयच म्हणा.

नीट तुमच्या अखत्यारीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण राज्याच्या ८५ टक्के जागांचे प्रवेश तुमचा सीईटी कक्ष करतो. मागच्या दोन-तीन वर्षांत कोणत्या फेरीत, कोणत्या प्रवर्गात, किती रँकवर प्रवेश थांबला याचा साध्या मराठीत एकपानी तक्ता निकालाच्या दिवशीच काढता येईल. माहिती आजही असते, पण ती शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये. ती उलगडून सांगण्याचे पैसे घेणारे सल्लागार त्यामुळेच पोसले जातात. तक्त्यात गुण नकोत, रँक द्या. गुण दरवर्षी फसवतात.

मग प्रवेशफेऱ्या. निकाल जूनमध्ये, आणि रिकाम्या जागांच्या शेवटच्या फेऱ्या कधी नोव्हेंबर, तर २०२४ मध्ये डिसेंबरपर्यंत गेल्या. काठावरच्या मुलानं या काळात काय करायचं? बीएएमएस (आयुर्वेद) घ्यावं, थांबावं, की पुढच्या नीटची पुस्तकं उघडावीत? पुढची परीक्षा मेच्या सुरुवातीला उभीच असते. दिवसभर पोर्टल रिफ्रेश करणाऱ्या मुलाला संध्याकाळी ऊष्मागतिकी शिकवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. फेऱ्यांचं वेळापत्रक आधी जाहीर करा आणि न्यायालयीन अडथळा सोडला तर ते पाळा. त्या काळातल्या अनिश्चिततेवर कितीही प्रेरक व्याख्यानं ऐकवली तरी उतारा पडत नाही.

केंद्राकडे मांडण्यासारखी एक गोष्टही आहे. काही वर्षं प्रत्येक विषयाच्या 'ब' विभागात १५ पैकी १० प्रश्न सोडवायची मुभा होती. २०२५ ची परीक्षा ४ मे रोजी होती आणि ही मुभा रद्द झाल्याचं जानेवारीत कळलं. पहिल्यांदा बसणाऱ्याला त्याचं फारसं वाटत नाही. ज्याची मागच्या प्रयत्नातली सगळी आखणी त्या पर्यायांवर बेतलेली होती, त्याची मोडते. पुढच्या परीक्षेचं स्वरूप निदान वर्षभर आधी कळावं, ही मागणी तुम्ही लावून धरलीत तर राज्यातल्या रिपीटरांना तिचा उपयोग सत्कारापेक्षा जास्त होईल.

आता, मुलांना खरोखर कशानं उभारी येते ते सांगतो, कारण यावर भाषणं फार होतात आणि निरीक्षण कमी. आमच्याकडे एका मुलीनं चुकांची वही ठेवली होती. तीन रकाने: 'येत नव्हतं', 'वाचताना चुकलं', 'अंदाजानं मारलं'. एका सराव परीक्षेत तिचे १३० प्रश्न बरोबर आणि ५० चूक होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा, म्हणजे ५२० वजा ५०, एकूण ४७०. वही पाहिली तर पन्नासातले निम्मे तिसऱ्या रकान्यात. ते कोरे सोडले असते तर एकही नवा धडा न शिकता ४९५. त्या दिवशी तिचा चेहरा बदलला. उद्या सकाळी उठून काय करायचं हे तिला कळलं होतं, बस्स. ही वही कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाला शिकवता येईल. फक्त रिपीटर कोणत्याच महाविद्यालयाचा नसतो! बारावी संपली, नाव कटलं. एसटीचा विद्यार्थी पास कॉलेजच्या दाखल्यावर मिळतो, तो गेला. प्रयोगशाळा गेली, शंका विचारायची जागा गेली. उरला तो क्लास, आणि तोही ऐपत असेल तर. सरकारी व अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांत दुपारनंतर रिपीटरांना बसता येईल, शिक्षकांना भेटता येईल, अशी नोंदणी शालेय शिक्षण विभागाशी बोलून सुरू करा. आम्ही शिकवायला तयार आहोत. अनेक जण आजही गुपचूप शिकवतातच.

क्लासबद्दल एवढंच. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या नीटच्या तयारीतल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी निकाल देताना देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून बॅचेस पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमा, राज्यांनी क्लासच्या नोंदणीचे नियम करावेत. या सूचना महाराष्ट्रात कोणत्या जिल्ह्यात कितपत पाळल्या जातात याचा जिल्हावार तपशील तुमच्या सरकारनं जाहीर करावा. 'टॉप बॅच' आणि 'रिपीटर बॅच' अशा पाट्या मला आजही दिसतात. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रवेशाच्या प्रत्येक यादीवर ठळक छापा, पोर्टलच्या कोपऱ्यात नको.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. २०२२ मध्ये नीटची कमाल वयोमर्यादा उठली, प्रयत्नांवरही बंधन नाही. हे चांगलंच झालं. पण पुन्हा बसायचं की थांबायचं, हे त्या मुलाशी शांतपणे बोलणारं कुणी नाही. क्लासला फी हवी असते, घरच्यांना स्वप्न. बीडीएस (दंतवैद्यक), नर्सिंग, फिजिओथेरपी ही नावं काढली तरी ते हरल्यासारखं मानतात, आणि त्याला मंत्र्यांची भाषणंही थोडी जबाबदार आहेत. पुढच्या निकालाच्या दिवशी व्यासपीठावरून एमबीबीएसखेरीज निदान चार अभ्यासक्रमांची नावं घ्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा प्राध्यापक निकालानंतरचे पंधरा दिवस या मुलांना भेटायला उपलब्ध ठेवा. स्वतः रिपीटर राहून डॉक्टर झालेला असेल तर उत्तम. असे पुष्कळ सापडतील.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक