नुसतं ‘ऑटोमॅटिक’ छापू नका, गिअरबॉक्स कोणता ते छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहनविषयक पानांवर स्पोर्ट्‌स कारची माहिती येते तेव्हा गिअरच्या रकान्यात दोनच शब्द असतात, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक. वादही मग तेवढ्यावरच रंगतो. खरा गाडी चालवणारा मॅन्युअलच घेतो, असं एक बाजू म्हणते. मॅन्युअलचे दिवस गेले, असं दुसरी म्हणते. आमच्या मते दोन्ही बाजूंनी मूळ मुद्दा सुटतो. ऑटोमॅटिक हे एका यंत्राचं नाव नाही. त्या एका शब्दाखाली आज चार वेगवेगळे गिअरबॉक्स विकले जातात. मराठवाड्याच्या उन्हात, इथल्या घाटांत आणि जालना रोडच्या सिग्नलवर ते चौघे चार तऱ्हेने वागतात.

वेगाचा वाद आधी मिटवू. बीएमडब्ल्यूची एम२ भारतात दोन्ही प्रकारांत मिळते. २०२३ साली इथे आलेल्या ४६० अश्वशक्तीच्या एम२ला शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोचायला आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ४.१ सेकंद लागायचे, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये ४.३. हा ०.२ सेकंदाचा फरकसुद्धा कंपनीच्या चाचणीतला, तरबेज हातांनी काढलेला. साध्या चालकाचा एक गिअर बदलण्यातच याहून जास्त वेळ जातो, म्हणून शर्यतीत ऑटोमॅटिक पुढेच राहणार. पण समृद्धीवर कारची मर्यादा ताशी १२० आहे. तिथे हा फरक कुणाच्या उपयोगाचा?

आता ते चार प्रकार. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. गिअर बदलताना गाडी मान टाकते, त्यामुळे स्पोर्ट्‌स कारच्या हिशेबात तो धरू नये. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या असतात, ठरलेले गिअरच नसतात. पाय दाबला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं. तोही सोडून द्या. उरतात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा, आणि ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आलटून-पालटून वापरणारा. ड्युअल क्लचमध्ये पुन्हा दोन जाती, कोरडा क्लच आणि तेलातला क्लच. गाडी घेणाऱ्याने खरं तर हेच विचारायला हवं, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचंच उदाहरण घ्या. २०१३ साली आलेल्या पिढीत १.८ पेट्रोलला सात गिअरचा डीएसजी (स्कोडा-फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लचचं नाव) होता आणि २.० डिझेलला सहा गिअरचा. गाडी तीच, दांडा तोच, दांड्यावरची अक्षरंही तीच. सहापेक्षा सात बरे, असा हिशेब सरळ केला जायचा. पण सात गिअरवाल्यात क्लच कोरडे होते आणि तो २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतच (इंजिनचा फिरवण्याचा जोर) बांधलेला होता. सहावाल्यात क्लच तेलात बुडालेले होते आणि त्याची ताकद बरीच जास्त. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा तिला हा सहाचाच गिअरबॉक्स दिला, यातच सगळं आलं. आजही १२० ते १६० अश्वशक्तीच्या ज्या गाड्यांवर तरुण मुलं जीव टाकतात, त्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, स्कोडा स्लाव्हिया १.५, ह्युंदाई आय२० एन लाइन आणि क्रेटा एन लाइन, या सगळ्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये कोरडाच ड्युअल क्लच आहे.

कोरडा क्लच वाईट म्हणून हे लिहीत नाही. तो हलका असतो, पेट्रोल वाचवतो आणि गिअर इतक्या लवकर बदलतो की डोकंसुद्धा हलत नाही. पण त्यात तयार होणारी उष्णता ओढून न्यायला भोवतालच्या हवेशिवाय दुसरं काही नाही. तेलातल्या क्लचमधली उष्णता तेल घेऊन जातं आणि कूलरमध्ये सोडतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. डांबर त्याहून तापलेलं, बॉनेटखाली आणखी गरम. अशा वेळी संध्याकाळी जालना रोडवर सिग्नल ते सिग्नल गाडी सरकवत नेली, की कोरड्या क्लचला दम खायला फुरसतच मिळत नाही.

हे सरकवणं नीट समजून घ्या. ड्युअल क्लचची गाडी डी मध्ये उभी असताना ब्रेक पूर्ण दाबला तर क्लच मोकळा होतो, काही झिजत नाही. ब्रेकवरचा पाय अर्धवट ढिला ठेवून गाडी वीतवीत पुढे जाऊ दिली की तो हाफ क्लच होतो. मॅन्युअलमध्ये आपण पायाने करतो तोच, फक्त इथे करताना कळत नाही. म्हणून ब्रेक घट्ट दाबून थांबावं. पुढची गाडी दीड-दोन गाड्यांचं अंतर गेली की ब्रेक पूर्ण सोडावा, ॲक्सिलरेटर देऊन एकदाच निघावं आणि पुन्हा पूर्ण थांबावं. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नये, ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरावा. दुर्लक्ष केलं तर आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो. इशारा आला की गाडी सावलीत बाजूला घ्या, पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवूनच थंड होऊ द्या. तसंच पुढे रेटलं तर क्लचच्या अस्तरावर काच चढल्यासारखी चकाकी येते. मग थरथर कायमची राहते.

टॉर्क कन्व्हर्टरला हा जाच कमी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तिथे तेल असतं, सरकताना क्लचसारखं अस्तर झिजत नाही. एम२चा आठ गिअरचा ऑटोमॅटिक याच जातीचा आहे आणि तो ड्युअल क्लचच्या तोडीस तोड चालतो. म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर सुस्त असतो हा समज आता जुना झाला. त्याची दुखरी नस तेल. ‘लाइफटाइम ऑईल आहे, बदलायची गरज नाही’ हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकायला मिळतं. हा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र स्वतः सांगते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला. आपल्या उन्हात आम्ही तर आधीचाच आकडा धरू. तेलातल्या क्लचच्या सहा गिअरवाल्या डीएसजीला तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला लागतो. तेल भरताना पातळी गाडी सपाट जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून, ठरलेल्या तापमानालाच बघायची असते. त्या डीएसजीला तेल ३५ ते ४५ अंशांवर असावं लागतं. दुपारी नुकत्याच धावून आलेल्या गाडीची पातळी लगेच बघितली तर तेल फुगलेलं असतं आणि प्रत्यक्षात कमी भरलं जातं. मग महिन्या-दोन महिन्यांनी ‘गिअरबॉक्स खराब निघाला’ म्हणून बोंब होते.

आता मॅन्युअल. उन्हात त्याचाही क्लच कोरडाच आहे, पण तो बोलतो. वास येतो, पेडल वर येतं, क्लच घसरायला लागला की पायाला कळतं. शिवाय काम गावात होतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलावेत, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा, आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑईल सीलही बघून घ्यावं. लातूर, नांदेड, परभणीतला जाणता मिस्त्री हे हातोहात करतो. ड्युअल क्लचचं तसं नाही. क्लच बसवताना फट मापून ठेवायला खास हत्यारं लागतात, नंतर स्कॅनर लावून गिअरबॉक्सला नवा क्लच शिकवावा लागतो. ते न करता गाडी बाहेर काढली तर नवा क्लचही धक्के मारतो. म्हणून बीड-हिंगोलीच्या माणसाने गाडी घेण्याआधी जवळचं स्कॅनर असलेलं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते मोजावं.

मॅन्युअलचा एक धोका मात्र कुणी सांगत नाही. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर आहे, चौथा टाकायचा होता आणि घाईत दुसरा पडला. दोन गिअरमध्ये दीडपट फरक असेल तर क्लच सोडताक्षणी चाकंच इंजिनला ९,००० फेऱ्यांवर फिरवतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त पेट्रोल तोडतो. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. ऑटोमॅटिक असा गिअर घ्यायला साफ नकार देतो. दांडा मुठीत आवळून न ओढता तळव्याने ढकलला तर ही चूक बहुतेक टळते.

घाटात दोघांचीही परीक्षा होते. कन्नडचा औट्रम घाट, मांजरसुंबा, धारूर, या उतारांवर मॅन्युअलवाला दुसरा किंवा तिसरा टाकून इंजिनच्या जोरावर गाडी धरतो. ऑटोमॅटिक डी मध्ये ठेवला तर तो पेट्रोल वाचवण्यासाठी वरचा गिअर घेतो, गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उताराला लागण्याआधीच स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर घ्या, किंवा दांडा एस (स्पोर्ट) मध्ये टाका. चढाला ड्युअल क्लच कधी कधी क्षणभर अडखळतो, त्याचं कारण साधं आहे. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. गाडी चौथ्यात आहे, त्याने पाचवा तयार ठेवलाय, आणि तुम्ही वळणावर एकदम पाय दाबून दुसरा मागितला. चौथा आणि दुसरा एकाच क्लचवर, म्हणून त्याला मधल्या गिअरचा आधार घ्यावा लागतो. वळणाआधी पॅडलने एकेक गिअर उतरलात तर अडखळणं दिसणार नाही. मॅन्युअलमध्ये मागच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्या पावसात उतरवताना खालच्या गिअरला क्लच झटकन सोडू नका, मागची चाकं घसरतात. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर असताना त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यावी, इंजिन वर आलं की क्लच सोडावा. हे आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर जमवावं, घाटात शिकायला जाऊ नये.

रिमॅपची, म्हणजे इंजिनच्या संगणकातली मांडणी बदलून टॉर्क वाढवण्याची हौस आपल्याकडे वाढते आहे. २५० न्यूटन मीटरची मर्यादा असलेल्या कोरड्या क्लचवर २५०चंच इंजिन असेल, तर वर काहीच शिल्लक नाही. टॉर्क वाढवला की क्लच घसरणार. मॅन्युअलमध्ये निदान जास्त दाबाची प्रेशर प्लेट टाकता येते, पेडल जड होतं एवढंच.

गाडी बंद पडली तर? औसा-तुळजापूर रस्त्यावर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणं ही आपली नेहमीची रीत. मॅन्युअल न्यूट्रलमध्ये टाकून ओढली तर चालतं. ऑटोमॅटिकची चालती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे आतला तेलाचा पंप बंद, आणि आतले भाग कोरडे फिरून जळतात. चारही चाकं उचलणारी गाडीच बोलवा, तासभर थांबावं लागलं तरी. बॅटरी बसली तरी ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. मॅन्युअल चौथ्या गिअरमध्ये ताशी ५०वर आणून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. ड्युअल क्लच अर्धा तास गर्दीत फिरवून मग चढावर रिव्हर्समध्ये हळू घ्या. थरथर असेल ती इथेच दिसते, थंड गाडीत ती लपते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पी मधून डी आणि आर टाकून बघा, गिअर लागायला सेकंदाहून जास्त वेळ लागू नये. ताशी ६० ते ८०वर हलक्या पायाने चालवताना खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखं वाटलं तर लॉकअप क्लचची, म्हणजे वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची तक्रार समजा.

आमचं मत विचाराल तर रविवारी पहाटे वेरूळ-खुलताबादकडे निघण्यासाठी आणि दहा-बारा वर्षं ठेवण्यासाठी गाडी हवी असेल तर मॅन्युअल घ्या. हौसेला मोल नाही, आणि मॅन्युअलची हौस दुरुस्तही गावातच होते. रोज वाळूज-शेंद्रा करायचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, तो नसेल तर तेलातला ड्युअल क्लच. कोरडा ड्युअल क्लच घ्यायचाच असेल तर ब्रेकची वर सांगितलेली सवय लावून घ्या, आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी शोरूमभोवती न घेता मे महिन्यातल्या दुपारी भर गर्दीत घ्या.

आपल्याला एकच विनंती. यापुढे नव्या गाडीच्या माहितीत गिअरच्या रकान्यात ‘ऑटोमॅटिक’ एवढंच न छापता तीन गोष्टी छापाव्यात. गिअरबॉक्सचा प्रकार कोणता, ड्युअल क्लच असेल तर कोरडा की तेलातला, आणि गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं. जागा फार तर एका ओळीची लागेल.

आपले,
क्लच-गिअरबॉक्सच्या कामातले काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर